मखरामागचा बोर्ड: बिनतारी सिरियलच्या नोंदी

२१ जुलै २०२४, रविवार, माशेल (गोवा)

चिखलकाला (गावचा चिखलात खेळायचा उत्सव) झाला की आमच्या घरात चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, विषय निघतो. यंदाचा देखावा गोवर्धनाचा, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलंय. देवकीकृष्णाच्या गावात दुसरं काय सुचणार! मध्ये कृष्ण, त्याच्या करंगळीवर डोंगर, खाली गवळी आणि गाई, वरून पाऊस. डोंगर खरोखर वर गेला पाहिजे आणि पाऊस पडताना दिसला पाहिजे, अशी अट. माती, कागदाचा लगदा, रंग हे काकांकडे. हलणारं आणि लुकलुकणारं सगळं माझ्याकडे.

सामान: आर्डुइनो ऊनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड (यूएसबीसाठी सीएच३४० चिप असलेला), १२ व्होल्टची वायपर मोटर (फोंड्याच्या भंगारवाल्याकडून), ती चालवायला मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), दोन छोटे सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरी (एक कृष्णाच्या हाताला, एक गाईच्या मानेला), पावसासाठी डब्ल्यूएस२८१२ दिव्यांची दोन मीटर पट्टी, मीटरला ६० दिवे. आणि एचसी-०५, म्हणजे ब्लूटूथवरून सिरियल (एकेक बिट रांगेने पाठवायची पद्धत) नेणारं मॉड्यूल.

बिनतारी कशाला, हे घरात प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बोर्ड बसणार मखराच्या मागे. मूर्ती बसली की विसर्जनापर्यंत मखरामागे कुणी हात घालायचा नाही, हा आजीचा नियम, आणि तो मोडायची कुणाची टाप नाही. पण डोंगराचा वेग कमीजास्त करायला लागतो, आरतीच्या वेळी मोटर बंद ठेवायला लागते, रात्री पाऊस मंद करायला लागतो. हे सगळं बाहेर बसून व्हायला हवं. काका म्हणाले, "अरे, मग तार ओढ ना सरळ." तार ओढली तर ती माटोळीखालून (गणपतीच्या वर फळं टांगलेली चौकट), समईजवळून आणि फुगडी घालणाऱ्या बायकांच्या पायांतून जाणार. तार नको.

२८ जुलै, रविवार

मॉड्यूल नवं नाही. धाकट्या चुलत भावाने कॉलेजच्या प्रकल्पात वापरलेलं, त्याच्या खणात पडून होतं. सहा पिना: ईएन, व्हीसीसी, ग्राउंड, टीएक्सडी (पाठवणारी), आरएक्सडी (ऐकणारी), स्टेट (जोडणी आहे का ते सांगणारी). व्हीसीसीला ५ व्होल्ट चालतात, कारण खालच्या पट्टीवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आहे. आरएक्सडीला मात्र ५ व्होल्टचा सिग्नल सरळ द्यायचा नाही. ऊनोच्या टीएक्सकडून येणाऱ्या तारेत १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रोध लावून ५ चे ३.३३ व्होल्ट केले. उलट दिशेला काही लागत नाही. ऊनो ५ व्होल्टवर असताना ३ व्होल्टच्या वरचं सगळं 'एक' धरतो आणि मॉड्यूल ३.३ देतं. मधली फट जेमतेम ०.३ व्होल्टची, म्हणून ती तार आखूड ठेवली आणि ग्राउंड पक्कं केलं.

फोनशी जोडी जमली, पिन १२३४. तरी मॉड्यूलवरचा दिवा घाईघाईने लुकलुकतच राहिला. पुष्कळ जण इथेच मॉड्यूल बिघडलंय असं समजून दुसरं मागवतात. फोनच्या सेटिंगमध्ये जोडी जमली म्हणजे नुसती ओळख झाली. सिरियलचा रस्ता उघडतो तो टर्मिनल ॲपमधून कनेक्ट केल्यावर. तसं केलं, आणि दिवा दोनदा पटकन लुकलुकून मग थांबायला लागला. जोडणी झाल्याची खूण ती हीच.

ऊनोवर आलेलं अक्षर परत पाठवणारा चार ओळींचा प्रोग्राम. फोनवरून अक्षरं पाठवली, परत आला तो कचरा: उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, मधूनच एखादं ग्रीक अक्षर.

काहीच न येण्यापेक्षा कचरा आलेला मला आवडतो. तारा जागेवर आहेत, रेडिओ चालतोय, बहुतेक दोघांचा वेग (सेकंदाला किती बिट) जुळत नाहीये, एवढं तो सांगून जातो. तरी खात्रीसाठी ऊनो बाजूला काढला आणि मॉड्यूलचा टीएक्सडी त्याच्याच आरएक्सडीला जोडला. फोनवरून 'माशेल' पाठवलं, 'माशेल' परत आलं. म्हणजे फोनपासून मॉड्यूलच्या पिनांपर्यंतचा रस्ता निर्दोष. या चाचणीत वेग चुकायला वावच नाही, कारण मॉड्यूल ज्या वेगाने बोलतं त्याच वेगाने स्वतःचं ऐकतं. सिरियलचं काहीही अडलं की मी आधी हे करतो. एक तार आणि अर्धं मिनिट, आणि निम्मा रस्ता संशयातून सुटतो.

३० जुलै, मंगळवार

दिवसभर पाऊस. वीज दोनदा गेली.

मॉड्यूलवरचं बारीक बटण दाबून धरलं आणि तसंच धरून वीज दिली. दिवा दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद. हा आज्ञा घेण्याचा एटी मोड, आणि यात वेग ३८४०० ठरलेला. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड (ओळ संपल्याच्या दोन खुणा) दोन्ही जावे लागतात, नाहीतर मॉड्यूल ढिम्म. 'एटी' पाठवलं, 'ओके' आलं. मग 'एटी+यूएआरटी?' विचारलं. उत्तर: ११५२००.

चुलत भावाला फोन केला. तो म्हणाला, "हो दादा, सेन्सरचा डेटा जास्त होता म्हणून वाढवला होता." मॉड्यूल ही सेटिंग वीज गेल्यावरही विसरत नाही, त्यामुळे वापरलेलं मॉड्यूल हाती आलं की आधी त्याला वेग विचारायचा. कंपनीतून ते बहुधा ९६०० वर येतं, हे नव्यापुरतंच खरं.

'एटी+यूएआरटी=९६००,०,०' देऊन मोकळा झालो. मधलं शून्य म्हणजे एक स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण), शेवटचं म्हणजे पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही. बटण सोडून पुन्हा सुरू केलं, आणि अक्षरं स्वच्छ.

११५२०० वरच का नाही ठेवलं? आकडेमोड करून बघितली. ऊनोचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, आणि सिरियलचा वेग त्याला पूर्ण संख्येने भागूनच मिळतो. ११५२०० मागितलं तर प्रत्यक्षात ११७६४७ मिळतात, म्हणजे २.१ टक्के जास्त. ९६०० मागितलं तर ९६१५, फरक ०.२ टक्क्यांच्या आत. वर ऊनोवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची स्वतःची थोडी चूक वेगळी. २ टक्के बहुतेक वेळा खपून जातात, पण मला पाठवायचे आहेत एकेक आकडे. त्यासाठी ११५२०० कशाला हवं?

४ ऑगस्ट, रविवार

प्रोग्राम चढेना. संगणक म्हणतो, बोर्ड 'नॉट इन सिंक'. मॉड्यूल ० आणि १ नंबरच्या पिनांवर आहे, आणि यूएसबीची चिपही त्याच पिनांवरून बोलते. चिपची तार साधारण १ किलोओहमच्या रोधामधून येते, मॉड्यूलची सरळ येते, म्हणून जोर मॉड्यूलचा चालतो आणि संगणकाचं म्हणणं बोर्डापर्यंत पोचत नाही. मॉड्यूलची तार उपसली, प्रोग्राम चढला.

दर वेळी तार उपसायची नको म्हणून मॉड्यूल १० आणि ११ वर नेलं, सॉफ्टवेअर सिरियलवर, म्हणजे बिट मोजायचं काम हार्डवेअरऐवजी प्रोग्रामच करतो. तूर्त ठीक.

१० ऑगस्ट, शनिवार

वायपर मोटर फळीवर बसली. क्रँकला लाकडी दांडी, दांडीवर पोकळ डोंगर. मोटर सुरू केली, डोंगर उचलला गेला, काकांनी टाळी वाजवली, आणि फोनवर: जोडणी तुटली.

पुन्हा जोडलं, पुन्हा मोटर, पुन्हा तुटली. आता ब्लूटूथला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. पण मोटर हाताने सुटी केली आणि तीच आज्ञा दिली, तर जोडणी टिकते. म्हणजे आज्ञेने काही बिघडत नाही, मोटरच्या भाराने बिघडतं.

विचित्र एवढंच, की ऊनो रीसेट होत नव्हता. सुरू होताना 'सुरू' असं लिहायला सांगितलं होतं, ते परत जोडल्यावर कुठेच दिसलं नाही. ऊनो जिवंत, फक्त मॉड्यूल मरतंय. दोघांना तोच ५ व्होल्टचा पुरवठा. मग एकच का मरावं?

मल्टिमीटर लावला, तो ४.९ दाखवत बसला. मीटर आळशी असतो. पुरवठा काही मिलिसेकंदांसाठी कोसळला तर त्याला कळतही नाही. ऑसिलोस्कोप घरी नाही. पण ऊनोमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो, तो स्वतःच्या पुरवठ्याशी ताडला की पुरवठा किती हे उलटं काढता येतं. ते सतत मोजून सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवायचा आणि जोडणी परत आल्यावर फोनवर लिहायचा, असा तुकडा प्रोग्राममध्ये टाकला.

आकडा आला ३.४ व्होल्ट.

सगळं उलगडलं. मॉड्यूलच्या पट्टीवरच्या रेग्युलेटरला निदान ३.६ तरी हवेत. ऊनोची कमी दाबाची रीसेट २.७ व्होल्टला लागते. मधल्या पट्ट्यात ऊनो कसाबसा तगतो (१६ मेगाहर्ट्झला एवढ्या कमी दाबावर चालायची हमी त्याला कुणी दिलेली नाही, तरी तगतो) आणि मॉड्यूल मान टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ब्लूटूथ गेलं.

११ ऑगस्ट, रविवार

वायपर मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटताना चालू मोटरच्या कित्येक पट करंट ओढते, आणि सगळ्याला मिळून एकच १२ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा होता. तो मोडून तीन केले. मोटरला वेगळा १२ व्होल्टचा १० अँपिअर, दिवे आणि सर्व्होंना ५ व्होल्टचा, ऊनो आणि मॉड्यूलला साधा फोनचा चार्जर. ग्राउंड सगळ्यांचं एकत्र, नाहीतर मॉस्फेटला आज्ञा कळायची नाही.

मोटरच्या टोकांवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, उलटा डायोड (मोटर बंद होताना उसळणारी वीज जिरवायला), आणि प्रोग्राममध्ये वेग एकदम न देता सेकंदभरात चढवायचा. या शेवटच्या गोष्टीला पैसे पडत नाहीत, आणि डोंगरही आता झटका न देता उचलला जातो. नवा नीचांक ४.८. जोडणी तुटत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. पावसाची पट्टी बसवली. १२० दिवे, निळ्या थेंबांची रांग वरून खाली सरकते. नुसत्या निळ्यावर दिव्याला साधारण २० मिलिअँपिअर, म्हणजे सगळे लागले तरी अडीच अँपिअरच्या आत. पांढऱ्या विजेला तिप्पट लागतो, म्हणून विजेच्या लखलखाटात एकतृतीयांशच दिवे पेटवायचे.

दिवे लागले आणि आज्ञा बिघडल्या. 'डोंगर वर' पाठवलं की कधी होतं, कधी नाही, कधी भलतंच होतं. दिवे बंद केले की सगळं सुरळीत.

पुरवठा पुन्हा तपासला, ४.८. तिकडे काही नाही. मग फोनवरून १२३४५६७८९ अशी माळ पाठवून परत काय येतं ते बघितलं. दिवे बंद: १२३४५६७८९. दिवे चालू: १२, मग एक चौकोन, मग ७, मग आणखी काहीतरी. आकडे नुसते गळत नाहीत, त्यांच्या जागी वेगळीच अक्षरं येतात. हा धागा महत्त्वाचा निघाला.

डब्ल्यूएस२८१२ च्या पट्टीला एकाच तारेवरून डेटा जातो. प्रत्येक दिव्याला २४ बिट, प्रत्येक बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. ही वेळ इतकी काटेकोर पाळावी लागते की पट्टीची लायब्ररी तेवढा वेळ बोर्डाचे सगळे इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे इशारे) बंद करते. १२० दिव्यांना ३.६ मिलिसेकंद. तेवढा वेळ ऊनो आंधळा आणि बहिरा.

९६०० ला एक अक्षर यायला १.०४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे दिवे एकदा रंगवेपर्यंत तीनसाडेतीन अक्षरं दारावरून जातात. सॉफ्टवेअर सिरियल अक्षराची सुरुवात ओळखतं ती पिन खाली गेल्याच्या इंटरप्टवरून. तोच बंद, तर सुरुवात हुकते. इंटरप्ट परत चालू होतात तेव्हा एखादं अक्षर अर्ध्यावर आलेलं असतं. त्याच्या पोटातल्याच एखाद्या शून्याला सॉफ्टवेअर सिरियल सुरुवात समजतं आणि तिथून आठ बिट मोजायला लागतं. म्हणून अक्षर गळत नाही, भलतंच उगवतं.

याच कारणाने बोर्डाचं घड्याळही मागे पडतं. मिलिसेकंद मोजणारा इंटरप्ट १.०२४ मिलिसेकंदाला एकदा लागतो, आणि आंधळ्या काळात त्यातला एकच लक्षात राहतो, बाकीचे वाया. मी सेकंदाला २५ वेळा दिवे रंगवतोय, म्हणजे दर सेकंदाला साठेक मिलिसेकंद गायब. डोंगराची फेरी मोजून बसवलेल्या वेळेपेक्षा लांबत होती, त्याचं गूढ सुटलं.

यावर लोक वेग कमी करा म्हणतात. केला तर एक अक्षर आणखी लांबतं, एवढंच. हुकायचं ते हुकतंच.

१८ ऑगस्ट, रविवार

मॉड्यूल पुन्हा ० आणि १ वर, म्हणजे बोर्डाच्या खऱ्या सिरियलवर. टीएक्सडीच्या तारेत एक छोटा स्लाइड स्विच लावला. प्रोग्राम चढवताना तो बंद.

खऱ्या सिरियलला अक्षर घ्यायला प्रोसेसरची मदत लागत नाही. ते हार्डवेअर स्वतः करतं आणि दोन अक्षरं साठवून ठेवतं, तिसरं येता येता धरून ठेवतं. चौथं सुरू झालं तरच सांडतं. मग आज्ञा एका अक्षराचीच ठेवली तर सांडायला उरतंच काय? ० म्हणजे सगळं बंद, १ डोंगर, २ गाय, ३ रिमझिम, ४ मुसळधार, ५ वीज, ६ आणि ७ वेग कमीजास्त. प्रत्येक आज्ञेला बोर्डाकडून तोच आकडा परत. फोनवर परत आला तर पोचला.

माळेच्या चाचणीत अजूनही आकडे गळतात, पण भलतं अक्षर एकही नाही. एकेक आज्ञा देऊन पाहिली, सगळ्या पोचल्या.

मात्र आता दुसरंच. दिवे चालू असले की कृष्णाचा हात थरथरतो. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा ठोका लागतो, त्या ठोक्याची लांबी म्हणजे कोन. ठोका बंद करणारा इंटरप्टही त्या आंधळ्या काळात अडकतो, ठोका लांबतो, हात हलतो. आजीने पाहिलं. "कृष्णाला डोंगर जड जालो?" मागून वहिनी हसली. काका हसले नाहीत.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

रात्री बराच विचार केला. सर्व्हो दिव्यांच्या मधल्या फटीत बसवता येतील, दिवे टप्प्याटप्प्याने रंगवता येतील, आणखीही कसरती आहेत. करून दाखवल्याचं समाधान मिळेल, पण चवथीच्या रात्री काही अडलं तर ती कसरत मलाच वाचता येणार नाही.

म्हणून खणातला नॅनो (ऊनोचाच छोटा भाऊ) काढला आणि पट्टी त्याला देऊन टाकली. नॅनोला दुसरं काम नाही. ऊनोकडून त्याला दोन तारा: दोन्ही खाली म्हणजे कोरडं, एक वर म्हणजे रिमझिम, दुसरी वर म्हणजे मुसळधार, दोन्ही वर म्हणजे वीज. नॅनो दोन रंगवण्यांच्या मध्ये त्या तारांकडे बघतो. आता तो किती का वेळ आंधळा होईना, ऐकायचंय काय त्याला?

हात स्थिर. माळेची चाचणी दिवे चालू ठेवून: १२३४५६७८९. नारळीभात खाल्ला.

२४ ऑगस्ट, शनिवार

या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला बिघाड आजचा.

माझ्या फोनवरून सगळं चालतं. काकांच्या फोनवर तेच ॲप घातलं, जोडलं, दिवा दोनदा लुकलुकला. काकांनी १ दाबला, काही नाही. २, काही नाही. परत काही आलंही नाही. फोन बदलले की काम चालतं, म्हणजे बोर्ड ठीक. काकांच्या फोनमधूनही मॉड्यूल दिसतंय, म्हणजे रेडिओ ठीक.

बोर्डाला सांगितलं, आलेलं प्रत्येक बाइट आकड्याच्या रूपात लिही. माझ्या फोनवरून १ दाबला: ४९. बरोबर, तो १ चा आस्की (इंग्रजी अक्षरांच्या ठरलेल्या यादीतला) आकडा. काकांच्या फोनवरून १ दाबला: २२४, १६५, १६७.

काकांचा कीबोर्ड मराठीत आहे. ते पाठवतात तो देवनागरी १. युनिकोडमध्ये त्याची जागा वेगळी आणि यूटीएफ-८ मध्ये त्याचे होतात तीन बाइट. माझा प्रोग्राम ४९ ची वाट बघत बसलेला. २८ जुलैला 'माशेल' जसंच्या तसं परत आलं होतं ते यामुळेच: तारेला अक्षरं कळत नाहीत, ती बाइट घेते आणि बाइट देते.

"तर मग इंग्रजी कीबोर्ड लावा," असं सांगणं सोपं होतं. पण गणपतीसमोर काका देवनागरी आकडा दाबतायत तर तो चालला पाहिजे. देवनागरी ० ते ९ चे पहिले दोन बाइट कायम २२४ आणि १६५, तिसरा १६६ ते १७५. म्हणून प्रोग्रामला सांगितलं: २२४ आणि १६५ आले तर सोडून दे, १६६ ते १७५ मधला आला तर त्यातून १६६ वजा कर, तीच आज्ञा. साधा आस्की आकडाही चालतो. चार ओळी वाढल्या.

उत्तर परत पाठवतानाही देवनागरी आकडा पाठवायला लावला. काका खूश. ॲपमध्ये ठरलेल्या आज्ञांची बटणंही करता येतात, तीही करून दिली, पण ते आकडेच दाबतात.

२५ ऑगस्ट, रविवार

लॅपटॉपवरूनही चालावं म्हणून विंडोजवर जोडणी. ब्लूटूथ सिरियलचे दोन कॉम पोर्ट तयार होतात, एक आउटगोइंग, एक इनकमिंग. टर्मिनलमध्ये आउटगोइंगच निवडायचा. इनकमिंग निवडला तर तो उघडतो, तक्रार करत नाही, आणि काहीच होत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

मखर उभं राहिलं. काकांनी मागच्या बाजूला आतून चंदेरी कागद लावलाय, दिव्यांचा प्रकाश परतावा म्हणून. दिसतं सुंदर. मॉड्यूल त्याच्या बरोबर मागे. वसरीतून जोडणी होते, चौकापलीकडच्या खोलीतून होत नाही. चिऱ्याच्या भिंती जाड आहेतच, पण परवापर्यंत तिथून चालत होतं.

मॉड्यूल फूटभर तारेवर काढून मखराच्या कडेला, कागदाच्या बाहेर आणलं. अँटेना म्हणजे पट्टीच्या टोकाची नागमोडी तांब्याची रेघ, ते टोक मोकळ्या हवेत ठेवलं. चौकापलीकडून पुन्हा चालू. वर माटोळीला आंबाडे, तोरिंगं, चिबूड, सुपारीची शिपटी लागतील. २.४ गिगाहर्ट्झला पाणी अडवतं आणि ही सगळी फळं पाण्याने भरलेली, म्हणून मॉड्यूल माटोळीच्या बरंच खाली ठेवलंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

चुलत भाऊ म्हणाला, "दादा, प्रोग्रामही बिनतारी चढवूया ना." जमतं. स्टेट पिनची दिशा एटी+पोलर आज्ञेने उलटी करायची, ती १०० नॅनोफॅरडमधून रीसेटला जोडायची, मॉड्यूलचा वेग बूटलोडरच्या (बोर्डावर प्रोग्राम चढवून घेणाऱ्या तुकड्याच्या) ११५२०० ला न्यायचा. पण मग जो कोणी फोन जोडेल त्याच्या प्रत्येक जोडणीला बोर्ड रीसेट होणार. पाहुण्यांसमोर कुणीतरी फोन जोडायचा आणि कृष्णाच्या हातातला डोंगर खाली! नको. प्रोग्राम आजच अंतिम.

स्टेट पिन मात्र वापरली. जोडणी नसेल तर बोर्ड आपोआप ठरलेल्या फेऱ्या करतो: रिमझिम, वीज, डोंगर वर, मुसळधार, डोंगर खाली. शेवटची आज्ञा ० असेल तर जोडणी गेली तरी शांतच राहतो, म्हणजे आरतीच्या मध्येच कुणाच्या फोनची बॅटरी संपली तरी मोटर गुरगुरायला लागणार नाही.

पिन बदलला. १२३४ ठेवून चवथीला शेजारपाजारच्या पोरांना आमंत्रण द्यायचं नव्हतं.

७ सप्टेंबर, शनिवार, चवथ

सकाळी मूर्ती बसली. मखरामागे आता जायचं नाही. घुमट आणि शामेळ ही वाद्यं घेऊन आरत्या सुरू झाल्या, काकांनी खिशातून फोन काढून ० दाबला, आरत्या संपल्यावर १.

९ सप्टेंबर, सोमवार

मुंबईहून आत्तेभाऊ आलाय. त्याच्या आयफोनवर मॉड्यूल दिसेना. त्याला वाटलं मॉड्यूल जुनाट आहे. एका अर्थी आहेच: एचसी-०५ जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर सिरियल नेतं, आणि ॲपलच्या परवान्याच्या चिपशिवाय तसलं सिरियल आयफोनच्या ॲपला उघडता येत नाही. त्याच्यासाठी ब्लूटूथ लो एनर्जीचं एचसी-०५ च्या जागेवर बसणारं एचएम-१० सारखं मॉड्यूल लागेल. मखरामागे आता ते बसवणार कोण? त्याला काकांचा फोन दिला.

दुसरं: मॉड्यूल एका वेळी एकाच फोनशी बोलतं. माझ्या फोनवर ॲप उघडं राहिलं तर काकांना जोडता येत नाही, आणि ते हाक मारतात. काम झालं की ॲप बंद करायचं, हे घरातल्या तिघांनाही सांगितलंय.

११ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी विसर्जन. रात्री मखरामागचं सामान सोडवलं. पाच दिवसांचा पुरवठ्याचा नीचांक ४.७. मॉस्फेट कोमट, बाकी सगळं थंड. वायपरच्या क्रँकचा एक बोल्ट ढिला.

वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी बोर्ड मागितलाय, डोळे आणि जबडा हलवायला. देतो म्हटलं. तिथे रस्त्याच्या पलीकडून चालवायचंय आणि एचसी-०५ चा भरवसा दहाएक मीटरपर्यंतच, तेव्हा पहिल्या रविवारी मैदानात लांबी मोजून घ्यायची. मोटरला वेगळा पुरवठा त्यांनीच आणायचा, हे आत्ताच सांगून ठेवलंय. पिन परत १२३४ करणार नाही.